टेकाडावरून दिसलेली बंडी

लग्नानंतरची पहिली दिवाळी मी सासुरवाडीला केली. बालाघाटहून बिरश्याला जाणारी बस घाट चढून जंगलातून जायची. मधल्या एका फाट्यावर उतरायचं आणि पुढं बैलांच्या बंडीनं गावात. मी तेव्हा रेल्वेच्या छोट्या लाईनीवर बुकिंग क्लार्क होतो. शहरात वाढलेला माणूस. धान लोंबीवर आलं की कसं दिसतं, तेही मला त्या दिवाळीतच कळलं.

सासऱ्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून इकडे आले, झाडं तोडून त्यांनी धानाच्या बांध्या काढल्या. पुढं राज्यं वेगळी झाली, भंडारा तिकडे महाराष्ट्रात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा सगळा कारभार. सासऱ्यांना मी आमच्याकडच्या रीतीनं मामाजी म्हणायचो. उंच, हाडापेरानं मजबूत आणि बोलायला कमी. कचेरीतली सगळी कामं थोरले मेहुणे बघत, म्हणून घरात कायद्याची धास्तीही त्यांनाच जास्त. आणि शेजारचे काकाजी. ते नात्यातले नव्हते. त्यांच्या बांध्या मामाजींच्या बांध्यांना लागून, आणि दोघांची लहानपणापासूनची मैत्री. मामाजी कमी बोलत ते बहुधा काकाजी बोलत म्हणूनच. दोघांकडे एकेक भरमार बंदूक होती. नळीत तोंडाकडून बारूद आणि छर्रे भरायचे, गजानं ठासायचे, मग घोड्याखाली बार उडवणारी टोपी बसवायची. एक बार झाला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

या बंदुका पिकाच्या राखणीसाठी लायसनवर मिळालेल्या. त्या आपापल्या शेतातच वापरायच्या, असा नियम. नाल्यापलीकडे सरकारी जंगल होतं. रानडुकरं तिकडून यायची, बांध्या उकरून परत तिकडेच जायची आणि त्यांच्या मागावर माणसंही जायची. हे जंगलखात्याच्या नाकेदारालाही माहीत होतं. बोभाटा होत नव्हता तोवर कुणी काही म्हणत नव्हतं.

भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं की डुकरांनी काकाजींच्या दोन बांध्या आडव्या केल्यात. काकाजी अंगणात येऊन डुकरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. मामाजींनी भिंतीवरची बंदूक काढली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "जवाईबुवा, चालता काय? जंगल पाहून होईन."

सासूबाई आतून म्हणाल्या, "त्याईले काहून नेता? पाहुने हायेत ते."

"म्हनूनच नेतो," मामाजी म्हणाले.

मला लाठी दिली. मेहुण्यांनी भाल्यासारखी बरची घेतली. असे आम्ही चौघं निघालो. चिखलात डुकरांच्या खुरांचे ठसे ताजे होते. ते नाल्यात उतरले, नाल्यापलीकडे चढले, त्यांच्यामागं आम्हीही चढलो. बांबूच्या बेटांमधून वाट काढत एका टेकाडावर पोचलो. मला धाप लागली होती. काकाजी माझ्याकडे बघून हसत होते. "रेलगाडीतच बसाची सवय हो तुमाले," ते म्हणाले, आणि तेवढ्यात खालून बाईची किंकाळी आली.

टेकाडाखाली बाजाराच्या गावाला जाणारी बंडीवाट होती. आम्ही झाडांच्या आडून कडेला आलो. खाली एक बंडी उभी होती. बैल जुंपलेलेच होते, एक बैल मान हलवत होता. बंडीच्या चाकाशी एक माणूस पालथा पडला होता. दोघं जण बंडीतून कापडाची गाठोडी खाली फेकत होते, रंगीत लुगडी वाटेवर उलगडून पडली होती. तिसरा माणूस वाटेच्या कडेला गुडघ्यावर बसला होता. त्याच्यासमोर एक बाई बसलेली, आणि तिचा पाय त्यानं दोन्ही हातांनी धरला होता. आधी मला कळलंच नाही. मग लक्षात आलं, तो तिच्या पायातले चांदीचे तोडे ओढत होता. ते निघत नव्हते.

काकाजी एकदम खाली बसले. "मागं फिरा," ते हळू म्हणाले. "डुक्कर गेलं आपलं."

"डुक्कर नोहे ते," मामाजी म्हणाले.

"मले दिसून राह्यलं ना बाप्पा. म्हनूनच सांगतो."

मेहुणे मामाजींच्या जवळ सरकले. "बाबा, आपन कुठी उभे आहो ते पाहा. सरकारी जंगल हाये हे. इथं बंदुकीचा आवाज झाला तं उद्या नाकेदार दारात. अन् ठान्यात गेलो तं पयला सवाल आपल्यालेच, की तुमी इथं काय करत होते? दोन्ही लायसन जातीन. मंग धान काय डबे वाजवून राखाचं?"

मामाजी कडेला सरकले. ते खाली बघत होते.

"अन् कोन कोनाचा, काय माहीत?" मेहुणे पुढं म्हणाले. "आपसातला झगडा असन. देन्याघेन्याचा असन."

"देन्याघेन्यात कोनी बाईच्या पायातलं काढते काय?" मामाजी म्हणाले.

मी म्हणालो, "मामाजी, ती ओरडते आहे."

"आमालेही ऐकू येऊन राह्यलं, जवाईबुवा," मेहुणे म्हणाले. रागानं नाही म्हणाले.

मग काकाजींनी बोटानं खाली दाखवलं. त्यांच्या सांगण्यात कुठलीही पळवाट नव्हती, शेतात बांध कसा फुटेल हे सांगावं तसं ते सांगत होते. "पाह्य. त्याईच्यापाशी लाठ्या हायेत, कुऱ्हाड हाये. आपल्या बंदुकीत एकेक बार. इथून छर्रा सोडला तं तो फाकते, त्या बाईलेही लागते. खाली उतरून सोडला अन् चुकला, तं भरेपर्यंत कुऱ्हाड आपल्या डोक्यात. अन् नाईच चुकला तं? मानूस मेला तं? डुक्कर नोहे तो, की आनून वाटे घालाव."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं.

मामाजींनी माझ्याकडे बघितलं. "तुमी सोबत आहा," ते म्हणाले. "तुमाले काही झालं तं माह्या पोरीले मी काय सांगू?"

तेव्हा मला कळलं की हे सगळं वजन करताना एका पारड्यात मीही होतो. दिवाळसणाला आलेला जावई.

"माझी काळजी करू नका," मी म्हणालो.

खाली त्या माणसानं बाईच्या घोट्यावर थुंकून चोळलं, पुन्हा ओढलं. तोडा हलला नाही. त्यानं मान वळवून बंडीतल्या एकाला काहीतरी सांगितलं. बंडीतल्यानं कुऱ्हाड फेकली, ती याच्याजवळ येऊन पडली. बाई एकाएकी गप्प झाली. इतका वेळ ती ओरडत होती तोवर आम्ही बोलत होतो. ती गप्प झाली आणि आमचंही बोलणं थांबलं.

मामाजी उठले. त्यांनी घोड्याखाली टोपी बसवली, नळी आभाळाकडे केली आणि बार काढला.

जंगलात तो आवाज केवढा झाला! बैल बुजले, पाखरं उडाली. धुरातून मामाजी खाली धावत सुटले होते आणि ओरडत होते, "घेरो! उधर से घेरो! एक को भी मत छोड़ना!" जणू मागं सगळं गाव आहे. आत्तापर्यंत नको नको म्हणणारे मेहुणे "बाबा! थांबा, बाबा!" करत बरची घेऊन त्यांच्यामागं पळाले. मीही पळालो. काट्यांत धोतर फाटलं ते मला नंतर दिसलं.

बंडीतले दोघं एक गाठोडं उचलून बांबूत घुसले. तिसरा पळाला नाही. तो उठून उभा राहिला. पोरगेलासाच होता, मिशी नुकतीच फुटलेली, गळ्यात लाल गमछा. त्यानं मामाजींच्या बंदुकीच्या नळीकडे बघितलं. नळीतून अजून धूर निघत होता. भरमार बंदूक त्यालाही माहीत असणार. आता ती नुसती काठी आहे, हे त्याला समजलं. त्यानं कुऱ्हाड उचलली आणि तो मामाजींवर आला.

मामाजींनी बंदूक दोन्ही हातांनी आडवी धरली. मेहुणे अजून चार ढांगा मागं होते. मी त्यांच्याही मागं. कुऱ्हाड वर गेलेली मी पाहिली.

वरून दुसरा बार झाला.

तो माणूस पडला नाही, बसला. दमलेला माणूस वाटेवर बसतो तसा. कुऱ्हाड बाजूला ठेवल्यासारखी खाली आली. मग त्याच्या मांडीवरचं धोतर लाल होत गेलं आणि तो आडवा झाला.

काकाजी टेकाडावरून उतरत होते. पळत नव्हते, एकेक पाऊल टाकत, झाडांना धरत. "कोनाले लागला? तुले तं नाई ना लागला?" असं ते मामाजींना विचारत होते. वरून दोघं एका रेषेत दिसत होते म्हणे. चाप ओढताना कुणाला लागेल हे त्यांना कळत नव्हतं.

"मले नाई," मामाजी म्हणाले.

काकाजींनी मग त्या मुलाकडे बघितलं आणि ते त्याच्याजवळ बसले. डोक्याचं फडकं सोडून ते त्याची मांडी आवळून बांधू लागले. गाठ बसेना. शेवटी गाठ मी मारली.

बाई तशीच बसली होती, पाय पुढं पसरून. मामाजी तिच्याजवळ गेले. "बाई, भिऊ नका. गेले ते."

ती मागं सरकली. हात जोडून म्हणाली, "माह्या मानसाले मारू नका. सारं घेऊन जा."

"आमी त्याईचे नोहो, बाई."

ती आमच्याकडे एकेकाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मले तुमी वर दिसलते. टेकाडावर. बंदुका घेऊन उभे होते ना? मले वाटलं, राखनीले उभे केले त्याईनं. तुमी बी त्याईचेच. मंग म्या ओरडनं बंद केलं. कोनाले बलवाव?"

मेहुण्यांनी तोंड फिरवलं आणि ते लुगडी गोळा करायला लागले.

तिचा नवरा कापडाचा फिरता व्यापारी होता, दोघं बाजाराला निघाले होते. लाठी त्याच्या कानशिलावर बसली होती. श्वास चालू होता, शुद्ध नव्हती. आम्ही त्याला बंडीत घातलं. मग त्या मुलाचं काय करायचं, हा प्रश्न उभा राहिला.

"इथंच राहू द्या," मेहुणे हळूच म्हणाले. "त्याचे संगी येतीन, नेतीन त्याले. आपन या दोघाईले पोचवू अन् घरी जाऊ. कोन्याच कागदावर काही येनार नाई."

खाली पडलेल्या मुलालाही तेच हवं होतं. "मालिक, थाने मत ले जाओ," तो म्हणत होता. "यहीं छोड़ दो."

मामाजी काकाजींकडे बघत होते. बार काकाजींचा होता, म्हणून त्यांना विचारणं भाग होतं.

"बंडीत घ्या त्याले," काकाजी म्हणाले. "इथं ठेवला तं जनावर खाईन."

असे ते दोघं जखमी एकाच बंडीत शेजारी शेजारी झोपले. बाई मध्ये बसली, नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन. मुलाकडे तिनं एकदाही बघितलं नाही. बंडीचा प्रत्येक हिसका त्याला लागत होता. तो पाणी मागायचा. मामाजी चालता चालता पाण्याचा तुंबा त्याच्या तोंडाला लावायचे. थोड्या वेळानं तो पुन्हा मागायचा.

ठाण्यात थानेदारानं सगळं ऐकून घेतलं आणि मेहुणे म्हणाले होते तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारला. "बंदूक लेकर जंगल में क्या कर रहे थे?"

"सूअर के पीछे आए थे, साहब," मामाजींनी सरळ सांगितलं.

थानेदार हसला. शाबासकी दिली, चहा मागवला आणि दोन्ही बंदुका जमा करून घेतल्या.

घरी पोचलो तेव्हा दिवस कलला होता. बातमी आमच्याआधी आली होती. बायको दारात उभी होती. माझ्याशी ती बोलली नाही, वडिलांशी बोलली. "याईले कशाले नेलतं, बाबा?" मामाजींनी पायावर पाणी घेतलं आणि ते आत गेले. काकाजींच्या घरी त्या दिवशी चूल पेटली नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे भात पाठवला, तो तसाच परत आला.

तो मुलगा बालाघाटच्या दवाखान्यात काही दिवसांनी दगावला. जखम चिघळली होती. पळालेले दोघं सापडलेच नाहीत. कापडवाला वाचला. एका कानानं कायमचा बहिरा झाला आणि बोलायचा ते थांबत थांबत. बाजाराची फिरती पुढं त्याच्या बायकोनंच चालवली. काकाजींवर खटला उभा राहिला.

माझी साक्ष झाली. सरकारी वकिलानं मला विचारलं, वर उभे राहून तुम्ही काय बोलत होता? मी सगळं सांगितलं. काकाजी जायला नको म्हणत होते, हेही सांगितलं. त्यांच्या वकिलानं तेच धरलं. ज्याला जायचंच नव्हतं, तो मुद्दाम मारायला कसा जाईल? काकाजी सुटले. बंदुका मात्र सरकारजमाच राहिल्या. पुढच्या दोन हंगामांत डुकरांनी काय केलं ते सांगायला नको. गावात लोक मामाजींना तोंडावर काही म्हणत नव्हते, पण बांधावर उभं राहून आपसांत बोलत. मेहुण्यांनी "मी सांगितलं होतं" असं एकदाही म्हटलं नाही. त्याबद्दल मला त्यांचा नेहमी आदर वाटत आला.

खटला चालू होता तेव्हाची गोष्ट. होळीनंतर बायकोला आणायला मी गेलो होतो. दुपारी एक म्हातारी काकाजींच्या घरासमोर येऊन बसली. मामाजी आणि मी ओसरीवरच होतो. घाटापलीकडच्या कुठल्याशा गावाहून ती चालत आली होती. कुणीतरी विचारलं तेव्हा ती म्हणाली, त्या मुलाची मी आई.

काकाजी बाहेर आले. तिनं विचारलं, "किसने मारा?"

"मैंने," काकाजी म्हणाले.

तिनं त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं आता ती आकांत करील, शिव्या देईल. तिनं विचारलं, "कुछ बोला था?"

काकाजी तिच्यासमोर खाली बसले. मग म्हणाले, "पानी माँगता था."

"दिया?"

"दिया. इन्होंने दिया," त्यांनी मामाजींकडे हात केला.

तिनं मामाजींकडे बघितलं नाही. काकूंनी आतून लोटा आणून तिच्यासमोर ठेवला. तिनं त्याला हात लावला नाही. ऊन उतरेपर्यंत ती बसली, मग उठली आणि आल्या वाटेनं गेली. काकाजी फाट्यापर्यंत तिच्यामागं गेले, बरंच अंतर ठेवून. का गेले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

त्यानंतर मी दर दिवाळीला जायचो. दोघं म्हातारे ओसरीवर बसलेले असायचे आणि कधी ना कधी गोष्ट तिथं यायचीच. काकाजी म्हणायचे, "तू उतरलाच नसता तं मले चाप वढाव लागला नसता." मामाजी म्हणायचे, "अन् उतरलो नसतो तं त्या बाईचा पाय गेला असता." काकाजी म्हणायचे, "लवकर उतरला असता तं तो कुऱ्हाडीपर्यंत पोचलाच नसता." यावर मामाजी अडकित्ता हातात घ्यायचे. मग दोघं माझ्याकडे वळायचे. "सांगा जवाईबुवा, तुमी तं तिथं होते." मी काहीतरी बोलून विषय बदलायचो. त्यांनाही उत्तर नको होतं, असं मला वाटतं.

एकदा मी मामाजींना एकटं गाठून विचारलं, "त्या दिवशी मी सोबत नसतो तर?"

त्यांनी सुपारी कातरली. "तं आधीच उतरलो असतो," ते म्हणाले. मग सुपारी तोंडात टाकून, "असं आता वाटते. तवा काय केलं असतं, कोन सांगाव?"

काकाजी आधी अंथरुणाला खिळले. त्यांच्या शेवटच्या दिवाळीला मामाजी आणि मी त्यांना भेटायला गेलो. मामाजी खाटेच्या कडेला बसले. मी मनाची तयारी केली, आता पुन्हा तोच वाद निघणार. पण काकाजींनी तो काढला नाही. छताकडे बघत त्यांनी विचारलं, "ती म्हातारी जिती असन काय रे अजून?"

"काय माहीत," मामाजी म्हणाले.

"गावाचं नावही नाई विचारलं आपन तिले."

मामाजींनी मान हलवली. काकू चहा घेऊन आल्या. काकाजींना उठवून बसवायला मी एका बाजूनं धरलं, मामाजींनी दुसऱ्या बाजूनं. बशी मामाजींनी धरली, आणि काकाजी फुंकर घालत घालत, सावकाश, सगळा चहा प्यायले.